कॅप्टन स्टोव्हरने मोजलेले हात

स्टॅनवुड, ५ जून १७८०

असाहेल,

हे पत्र हॅलिफॅक्सला पोचेल की वाटेत समुद्रात पडेल, ठाऊक नाही. एक मासेमार नेतो म्हणालाय. शत्रूच्या बंदरात पत्र धाडणं म्हणजे त्याच्या गळ्याला दोर, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

तुम्ही राजाच्या बाजूला गेल्यापासून मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र. राग होता. अजूनही आहे. पण डॉर्कसने परवा विचारलं, "बाबांना वाचता येतं ना? मग तू त्यांना लिहीत का नाहीस?" म्हणून बसले लिहायला. ती चांगली उंच झाली आहे. दात तुमच्यासारखे, एकावर एक चढलेले. बोलणंही तुमच्यासारखंच, समोरच्याला टोचेल असं.

सध्या आम्ही दोघी नाहूमकडे राहतो. आपल्या घराच्या छपराचं काम निघालंय. भाऊ म्हणून तो काही बोलत नाही, पण तुमचं नाव निघालं की करवतीचा आवाज वाढवतो.

गावात सध्या दुसरा विषय नाही. मॅसॅच्युसेट्ससाठी नवी राज्यघटना लिहून झाली आहे आणि प्रत्येक गावाने ती कलमागून कलम वाचून पसंत-नापसंत कळवायची आहे. पेरण्या आटोपून पुरुष सभाघरात बसतात आणि आम्ही बायका वरच्या सज्जात. मत आम्हाला नाही. विणकाम मात्र नेता येतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मसुदा आला होता, तो आपल्या गावाने परत धाडला. सरकारने काय काय करावं ते त्यात होतं, काय करू नये ते नव्हतं. नाहूम तेव्हा उभा राहून म्हणाला होता, "कुत्र्याला घर बांधलंत, झकास. साखळी कुठाय?"

या वेळी साखळी आधी लिहिली आहे. पहिलंच कलम म्हणतं की सगळी माणसं जन्मतः मोकळी आणि सारखी आहेत. ते वाचलं तेव्हा माझ्या शेजारी फिलिस बसली होती. कॅप्टन स्टोव्हरच्या घरी गुलाम आहे, ती. तिने माझ्या कानाशी विचारलं, "सगळी म्हणजे सगळी का हो?" मी म्हटलं, लिहिलंय तरी तसंच. ती परत विणकामाकडे वळली. टाका चुकला होता, तो उसवून परत घालत बसली.

वाचायचं काम कॅप्टनकडेच आहे. गावच्या समितीचा तोच प्रमुख. तुम्ही त्याच्या जंगलातल्या पाइनच्या खोडांवर राजासाठी राखीव म्हणून बाणाची खूण कोरायचात, इंग्लंडच्या गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी, ते तो विसरलेला नाही. शिवाय मागच्या उन्हाळ्यात राजाच्या फौजेवर पेनॉबस्कॉटला काढलेल्या मोहिमेत त्याचा मुलगा जोएल गेला. एकुलता एक. त्याचं प्रेतही आलं नाही.

शेवटी शेवटी एक कलम आहे. कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे हे तिघं वेगवेगळे हवेत. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. म्हणजे राज्य कायद्याचं राहील, माणसांचं होणार नाही. कॅप्टनने ते खड्या आवाजात वाचलं आणि पान उलटलं, जणू काही दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. का, ते आत्ता सांगत नाही.

तुम्ही म्हणायचात, बिनधन्याची मेंढरं एकमेकांना तुडवून मारतात. मी म्हणायचे, आपण मेंढरं नाही. ते भांडण अजून तिथेच आहे, असाहेल. मिटलं असं समजू नका.

केझाया वॅडली


स्टॅनवुड, २० नोव्हेंबर १७८१

असाहेल,

तुमचे दोन कागद मिळाले. तुम्ही जिवंत आहात, तब्येत बरी आहे, बंदराच्या लाकूडवखारीत डोलकाठ्या मोजता. कळलं. डॉर्कसने दोन्ही कागद आपल्या उशीत शिवून टाकले आहेत.

व्हर्जिनियात यॉर्कटाउनला राजाच्या फौजेने हत्यारं खाली ठेवली. तुम्हाला हे आमच्या आधी कळलं असेल आणि तुमच्याकडे ते वेगळ्या चेहऱ्याने सांगितलं गेलं असेल. इथे सभाघराची घंटा इतकी वाजवली की दोरच तुटला. मग पोरांनी टोपल्या बडवल्या. मी आनंदाने ओरडले, हे तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

आता दुसरं. हे पत्र मी आपल्या घरातून लिहिते आहे. आपल्या चुलीपाशी, माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसून.

छपराचं काम वगैरे काही नव्हतं. समितीने घर काढून घेतलं होतं. तुम्ही राजाकडे गेलात म्हणून तुमची मालमत्ता जप्त, आणि बायकोचं ते नवऱ्याचं, म्हणून माझ्या वडिलांनी बांधलेलं घरही जप्त. कॅप्टन स्टोव्हरने नियम केला, कॅप्टन स्टोव्हरने कुलूप लावलं आणि मी तक्रार घेऊन गेले तेव्हा ती ऐकायलाही कॅप्टन स्टोव्हरच बसला होता. त्याचा पुतण्या आपल्या घरात राहायला आला. माझ्या ताटल्यांत जेवला.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण निघताना दारात उभे राहून तुम्ही म्हणाला होतात, "ज्यांच्यासाठी तू मागे राहतेस, तेच तुला बाहेर काढतील." ते खरं झालं होतं. खरं झालेलं तुमच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. आधी ते खोटं करायचं होतं.

मग ते कलम ऐकलं. घरी येऊन नाहूमला म्हटलं, मला वकील हवा. तो म्हणाला, "त्या राजवाल्यासाठी मी एक पै खर्चणार नाही." मी म्हटलं, त्याच्यासाठी नको, आबांच्या घरासाठी कर. तो रात्रभर कुढला आणि सकाळी घोड्यावर खोगीर घातलं.

कोर्टात पहिला पेच हा की लग्न झालेल्या बाईला स्वतःहून फिर्याद करता येत नाही, नवरा लागतो. न्यायाधीशांनी विचारलं, या बाईंचा नवरा जिवंत आहे की मेला? आमचा वकील अजिबात न हसता म्हणाला, "महाराज, कायद्याच्या हिशेबी मेलेला आहे. एरवी ठणठणीत आहे." सगळं कोर्ट हसलं. मीही हसले, आणि मग माझ्याच हसण्याची लाज वाटली. फिर्याद मात्र दाखल झाली.

बारा पंच बसले होते, सगळे आसपासच्या गावांतले शेतकरी. समितीला एवढंच विचारलं गेलं: घर घेण्याआधी कुठल्या कोर्टाने निकाल दिला? नव्या घटनेत लिहिलंय की पंचांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कुणाचं घर काढून घेता येणार नाही. कॅप्टन म्हणाला, "युद्ध होतं. आम्ही गाव सांभाळत होतो." खोटं नव्हतं ते. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही सांभाळत होता, मान्य. निकाल कुणी दिला? कॅप्टनला सांगावं लागलं, कुणीच नाही. पंच आत गेले, आणि मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला न घातला तोच बाहेर आले. घर माझं.

पुतण्याने जाताना चूल थंड ठेवली, पण ताटल्या धुऊन ठेवल्या होत्या. मी दार आतून लावलं आणि जमिनीवर बसून राहिले. डॉर्कस सगळ्या खोल्यांतून धावत होती, भिंतींना हात लावत.

तुमची शेतजमीन गेली ती गेलीच. ती मी मागितली नाही.

केझाया


स्टॅनवुड, ३ जुलै १७८३

असाहेल,

तहाच्या अटी ठरल्या. समुद्र मोकळा झाला. तुमचं पत्र आता चोरून नाही, सरळ टपालाने आलं, आणि मी ते अंगणात, सगळ्यांच्या देखत वाचलं.

तुम्ही लिहिता, राजाने तुम्हाला नोव्हा स्कॉशियात जमीन देऊ केली आहे, घर बांधायला लाकूड, एक गाय आणि दोन वर्षांचं धान्य. मी आणि डॉर्कसने यावं. तुम्ही ते मायेने लिहिलंय, हे मला कळतं. पण मी येणार नाही.

हट्टाने नाही म्हणत. तिकडे तुमचं आहे ते राजाने दिलं म्हणून आहे. उद्या राजाला वाटलं तर नाही. इथे मी एका कोर्टात उभी राहिले आणि गावातल्या सगळ्यात जोरकस माणसाला तिथे उत्तर द्यावं लागलं. मला मत नाही, तरी त्याला उत्तर द्यावं लागलं. हे सोडून मी कुठेही जाणार नाही. फिलिसही आता कॅप्टनकडे नाही. राज्याच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात कुणा गुलामाच्या खटल्यात पहिल्या कलमाचा अर्थ तिने विचारला होता तसाच लागला, ही बातमी आली, आणि ती आपलं बोचकं घेऊन समोरच्या दाराने निघून गेली. कॅप्टन दारातच उभा होता. बाजूला झाला. ती आता गिरणीपाशी राहते, मक्याच्या भाकऱ्या भाजून विकते आणि उधार कुणालाही देत नाही.

तर मी येत नाही. तुम्ही या, असं म्हणायचं होतं. लेखणी उचलली, आणि आता तेही धड म्हणता येत नाही. गेल्या महिन्यात गावाने ठराव केलाय: राजाबरोबर गेलेल्या कुणालाही स्टॅनवुडमध्ये पाऊल टाकू देणार नाही. हात भराभर वर गेले. नाहूमने कुठल्या बाजूने हात वर केला, ते मी सज्जातून पाहिलं. तुम्हाला सांगणार नाही.

गावात बोललं जातं की पेनॉबस्कॉटच्या लढाईत राजाच्या गलबतांना खाडीतली वाट तुम्ही दाखवलीत. कॅप्टनचा त्यावर पक्का विश्वास आहे. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. मी विचारते: दाखवलीत का? मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका. दाखवली असेल तर तसं लिहा, आणि मग आपण दोघं ते घेऊन कसं जगायचं ते पाहू.

केझाया


स्टॅनवुड, २ मार्च १७८४

असाहेल,

तुम्ही लिहिलंत, "नाही. मी हत्यार धरलं नाही, वाट दाखवली नाही, झाडं मोजली." दोन वाक्यं. मी ती दिवसभर मनात म्हणत होते.

मी विश्वास ठेवते. गाव ठेवेलच असं नाही. शपथ घेऊन इथले नागरिक व्हायला तयार आहात, हेही वाचलं. "राजा हरला म्हणून नाही, तू तिथे आहेस म्हणून," असं लिहिलंत. पहिलं अर्धं मला आवडलं नाही. दुसरं आवडलं.

गव्हर्नरकडे परवान्याचा अर्ज केला आहे. तिथून उत्तर आलं की तुमच्या गावाचं म्हणणं कळवा. मे महिन्यात सभा भरेल. अध्यक्ष कॅप्टन स्टोव्हर. दर वर्षी तोच निवडून येतो आणि हात मोजतोही तोच.

मी फार आशा धरलेली नाही. तुम्हीही धरू नका. पण जहाजाची चौकशी करून ठेवा.

केझाया


स्टॅनवुड, १८ मे १७८४

माझे असाहेल,

आधी शेवट सांगते, म्हणजे तुम्ही पत्राचे कागद उलटसुलट करणार नाही. तुम्ही या.

आता जसं घडलं तसं. सभाघर कधी नव्हे एवढं भरलं होतं. मी आणि डॉर्कस सज्जात पुढच्या बाकावर. कॅप्टनने आधी पुलाचा विषय घेतला, मग डुकरं मोकळी सोडण्याचा. डुकरांवर लोक इतके भांडले की मला वाटलं, आपला विषय पुढच्या वर्षावर जाणार. मग त्याने तुमचं नाव वाचलं. आवाजात काही नव्हतं. प्रार्थनेत मेलेल्यांची नावं वाचतात ना, तसं.

एक जण म्हणाला, मागच्या वर्षी ठराव झालाय, आता पुन्हा कशाला. दुसरा म्हणाला, आमची पोरं मेली तेव्हा हा तिकडे डोलकाठ्या मोजत होता. त्यावर मी काय म्हणणार होते? मला बोलायला परवानगी नव्हती, आणि असती तरी ते खरंच होतं.

मग नाहूम उठला. मला खरंच वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "मला हा माणूस आवडत नाही. माझ्या बहिणीला एकटी टाकून गेला. पण गेल्या वर्षी आपण ठराव केला तो कुणावरही आरोप न ठेवता, कुणाचंही न ऐकता. असलंच काही राजाने केलं तेव्हा आपण बंदुका काढल्या होत्या. त्याने वाट दाखवली असं ज्याला माहीत असेल त्याने उभं राहून सांगावं. माहीत असेल त्याने. ऐकलं असेल त्याने नाही."

कुणी उठलं नाही. मग मागून ओबेड टार उठला. तुम्हाला तो नावाने आठवणार नाही, तेव्हा खाडीपलीकडे राहायचा. पेनॉबस्कॉटला पकडला गेला आणि दोन हिवाळे हॅलिफॅक्सच्या कैदेत होता. म्हणाला, लढाई झाली त्या दिवसांत हा माणूस कुठे होता ते मला सांगता येत नाही. पण आम्हाला गलबतावरून उतरवलं, तेव्हा तो वखारीच्या कुंपणाच्या आत होता, आणि तिथले लोक म्हणायचे की तो वर्षभर तिथून हललेला नाही. आमच्यातले चौघं स्टॅनवुडच्या बाजूचे आहेत कळल्यावर तो कुंपणातून भाकरी द्यायला लागला.

कॅप्टनने विचारलं, "भाकरी देताना काही बोलला?"

ओबेड म्हणाला, "बोलला तर. शिव्या घातल्या. म्हणाला, गाढवांनो, घरी बसून झाडं तोडली असतीत तर आज पोटभर जेवला असतात. शेंबूड पुसा आणि खा."

असाहेल, सगळं सभाघर हसलं. तुम्हाला शिव्या देत आलेले लोक हसले, कारण तो आवाज त्यांनी ओळखला. तुमच्या झाडांवरच्या बाणांमुळे ज्यांनी तुमच्याशी कचाकचा भांडणं केली होती, त्यांच्यासमोर तुम्ही येऊन उभे राहिलात जणू. डॉर्कस माझा हात धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. फक्त कॅप्टन हसला नाही. त्याने ओबेडला एवढंच विचारलं की त्या कैद्यांत जोएल नावाचं कुणी होतं का. ओबेड मान खाली घालून म्हणाला, नाही. कॅप्टन म्हणाला, बस खाली.

मग हात वर करायची वेळ आली. आधी तुम्हाला येऊ द्यावं म्हणणारे. मी मोजायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे सगळं हलत होतं. मग विरुद्ध बाजूचे. कॅप्टनने स्वतःचा हात सगळ्यांच्या आधी वर केला, ताठ. दोन्ही बाजू सारख्याच वाटत होत्या. खाली कुजबुज सुरू झाली. कॅप्टन जे म्हणेल ते खरं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने "नामंजूर" म्हटलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. घर गेलं तेव्हापासून मी त्या तोंडाला भीत आले होते. रस्त्यात तो दिसला की मी वाट बदलायचे.

तो म्हणाला, "मला नीट दिसलं नाही. सगळ्यांनी उठा. हो म्हणणारे खिडकीकडे, नाही म्हणणारे दाराकडे."

लोक उठले, बाकं सरकली. तो खाली उतरला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजू लागला. खिडकीकडचे आधी. मग दाराकडचे, सावकाश. आणि शेवटी दारापाशी पोचल्यावर त्याने आपला तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून स्वतःलाही मोजलं. पुन्हा वर गेला. पाणी प्यायला. म्हणाला, "खिडकीकडचे चार जास्त आहेत. गावाची हरकत नाही. लिहून घ्या." आणि पुढचा विषय पुकारला: शाळेच्या सरपणाचा.

मला वाटलं होतं मी ओरडेन किंवा रडेन. तसं काहीच झालं नाही. शाळेच्या सरपणावरची सगळी चर्चा मी बसून ऐकली.

सभा सुटल्यावर मी त्याला पायऱ्यांवर गाठलं. आभार मानायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "माझे आभार मानू नकोस, केझाया. मी विरुद्ध होतो. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा विरुद्धच असेन."

मी म्हटलं, "तुम्हाला हवं तसं सांगता आलं असतं."

तो म्हणाला, "आलं असतं." मग टोपी हातात फिरवली. "तसं करायचं असतं तर राजाच काय वाईट होता? जोएलला मी घरीच ठेवला असता." आणि टोपी घालून निघून गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी आता त्याला भीत नाही. हा माणूस मला कधी आवडणार नाही, पण त्याच्याशी मी एका गावात राहू शकते. तुम्हालाही राहावं लागेल. तो तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही टोपी काढा आणि पुढे जा. शपथेच्या वेळी तोच समोर असेल. शब्द स्पष्ट म्हणा, पुटपुटू नका.

घरी येताना नाहूम म्हणाला, "त्याला सांग, करवतीवर एक माणूस कमी आहे. आणि झाडांवर काही कोरायचं नाही म्हणावं." त्याच्याकडून याहून गोड बोलणं तुम्हाला मिळणार नाही.

डॉर्कसने तुमचा जुना कोट उन्हात टाकलाय. कसरीने खाल्लेली बाही मी उसवून दुसरी लावते आहे, रंग जुळत नाही. फिलिसने दुकानाच्या दारातून ओरडून विचारलं की भाकरी दोघींची की तिघांची द्यायची. मी म्हटलं, अजून दोघींची. पुढच्या महिन्यात बघू.

आणि काल एक गोष्ट झाली, ती सांगून थांबते. जेवणं झाली, भांडी तशीच पडली होती, अंगणात ऊन होतं. मी जरा टेकायला म्हणून भिंतीला पाठ लावली, आणि चक्क दिवसाढवळ्या झोपले. कोंबड्या घरात शिरल्या, डॉर्कसने त्या हाकलल्या, तरी मला जाग आली नाही. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मला वाटतं, आता काही दिवस असंच होत राहणार. तुम्ही याल तेव्हा मी झोपलेली असेन, तर हाक मारा.

तुमची,
केझाया